बिघडलेला कान

डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्याची पाटी इतकी लहान होती, की वरच्या मजल्यावरच्या शिकवणीवर्गाची चौकशी करायला आलेले पालक आधी त्यांच्याच दारावर टकटक करायचे. रस्त्यापलीकडच्या दुसऱ्या प्लास्टिक सर्जननं मात्र गच्चीपासून दुसऱ्या मजल्यापर्यंत एका तरुणीचा चेहरा टांगला होता. अर्धा आधीचा, अर्धा नंतरचा. सिग्नलला थांबलेली माणसं तो चेहरा बघत आणि नकळत स्वतःच्या नाकाला हात लावत. बाईंना त्या पोस्टरचा राग येत नसे. कीव येत असे, आणि ती येते हे त्या कुणाला सांगायला विसरत नसत.

बाईंचं साधं म्हणणं होतं: काम दिसता कामा नये. शिकायला येणाऱ्या डॉक्टरांना त्या पहिल्याच दिवशी सांगायच्या, की लोकांनी "हल्ली बरी दिसतेस, झोप नीट होते वाटतं" एवढंच म्हणावं. "नाक छान झालंय" असं कुणी म्हणालं, तर समजून जायचं की नाक फसलं. नाक बघायचं ते हनुवटीसकट, कपाळासकट आणि माणूस हसताना. मुळात ते करायचं की नाही, हे आधी ठरवायचं. मागे एक मुलगी मोबाइलमध्ये कुणा नटीचं नाक घेऊन आली होती. बाईंनी तिच्या हातात आरसा दिला, तासभर तिचं ऐकून घेतलं आणि ऑपरेशन न करताच तिला परत पाठवलं. कारण नाक तिचं होतं, पण तक्रार तिच्या होणाऱ्या सासूची होती. मुलगी जिना उतरली, रस्ता ओलांडला आणि महिन्याभरात ते नटीचं नाक घेऊन फिरू लागली.

बाईंच्या तत्त्वात खोट नव्हती. अडचण एवढीच, की वीस वर्षं न दिसणारं काम केल्यामुळे ते कुणाला दिसलंच नव्हतं. ज्यांची नाकं बाईंनी सरळ केली होती, ती माणसं समारंभात समोर आली की ओळख न दाखवता जेवणाच्या टेबलाकडे वळत. बाहेरच्यांचं राहू दे, घरात तरी काय वेगळं होतं? सासूबाईंच्या पापण्यांवर उतरलेली कातडी बाईंनी स्वतःच्या हातानं काढली होती. सासूबाई दहा वर्षांनी लहान दिसू लागल्या. त्याचं श्रेय त्यांनी उशी न घेता झोपण्याला दिलं, आणि इतक्या ठामपणे दिलं, की त्यांच्या चार मैत्रिणी मान आखडेपर्यंत उशीशिवाय झोपल्या.

नवरा विमा कंपनीत दावे तपासायचा. तो म्हणायचा, "तुझा धंदा पाकीटमाराचा आहे. हात साफ असला, तर कुणाला कळतच नाही."

अशा दिवसांत सलूनवाला आला.

तो टोपी घालून आला आणि आत येऊन बसल्यावरही त्यानं ती काढली नाही. दवाखान्यापासून दोन गल्ल्या सोडून त्याचं तीन खुर्च्यांचं सलून होतं, बावीस वर्षांचं. वय सत्तेचाळीस. शाळेत मुलं त्याला सूपकान्या म्हणायची. मोठा झाल्यावर त्यानं कानांवरून केस वाढवले, सलून काढलं, लग्न केलं आणि तो विषय मिटला असं धरून चालला. पण चाळिशीनंतर केसांनीच काढता पाय घेतला, आणि इतकी वर्षं त्यांनी झाकून ठेवलेले कान उघड्यावर पडले. टोपी घालावी, तर गिऱ्हाईकं विचारत, तुम्हीच डोकं लपवायला लागलात तर आम्ही ते कुणाच्या हातात द्यायचं?

बाईंनी विचारलं, कुणी काही बोललं का? बायको? मुलं? तो नाही म्हणाला. बायकोचं म्हणणं होतं, एवढं आयुष्य काढलंत तर उरलेलंही निघेल. मग त्याला स्वतःला नेमका त्रास काय होतो, असं बाईंनी विचारलं.

"मॅडम, गिऱ्हाईक आरशासमोर बसतं ते महिन्यातून एकदा," तो म्हणाला. "मी त्याच्या मागे उभा. त्याला तो दिसतो, मला मी दिसतो. दिवसाला तीस-चाळीस वेळा."

बाईंना हे उत्तर आवडलं. तक्रार त्याची स्वतःची होती, नेमकी होती आणि कानाबद्दलचीच होती. त्यांनी त्याला टोपी काढायला लावली, छोट्या पट्टीनं दोन्ही कान डोक्यापासून किती बाहेर आहेत ते मोजलं, पुढून, मागून आणि बाजूनं फोटो काढले. मग समजावून सांगितलं. कानामागे काप द्यायचा, आतल्या कूर्चेला मूळची घडी पडलेलीच नाही, ती दोऱ्यानं पाडायची. कान डोक्याला चिकटवायचे नाहीत. तसे चिकटवले तर माणूस कायम वाऱ्याविरुद्ध धावत असल्यासारखा दिसतो. समोरून पाहिलं, की कानाची बाहेरची कड दिसायलाच हवी. आणि दोन्ही कान अगदी सारखे होणार नाहीत. दोन-तीन मिलिमीटरचा फरक राहील, तो कुणाला कळत नाही, कारण दोन्ही कान एकदम नीट कुणी बघतच नाही.

"मी बघतो," सलूनवाला म्हणाला.

बाई हसल्या. मग त्यांनी काय बिघडू शकतं ते सांगितलं: आत रक्त साचू शकतं, जंतू शिरू शकतात, दोरा सुटू शकतो. पट्टी बांधलेली असताना एक कान दुसऱ्यापेक्षा जास्त दुखू लागला, तर क्षणभर न थांबता फोन करायचा. त्यांनी आपला मोबाइल नंबर कागदावर स्वतःच्या हातानं लिहिला आणि खाली लिहिलं, 'केव्हाही'. हा कागद देताना बाईंना दर वेळी बरं वाटायचं. समोरचा सर्जन आपला नंबर देत नाही, हे त्यांना माहीत होतं.

ऑपरेशन गुरुवारी झालं. फक्त कान बधिर केले होते, त्यामुळे हिरव्या कापडाखालून सलूनवाला दोन तास बोलत राहिला. काप कुठल्या बाजूनं घेताय, केस किती कापले, धार कुठली वापरता, असं सगळं त्याला जाणून घ्यायचं होतं. बाईंकडे पंधरा वर्षं काम करणाऱ्या सिस्टरनी त्याला दोनदा गप्प केलं. तिसऱ्यांदा त्यांनीच त्याला विचारलं, की आपल्या टाळूवरचे केस का गळत असावेत. कान मात्र सुरेख झाले. बाईंनी टाके घातल्यावर मागे सरकून पाहिलं, पुन्हा पुढे येऊन उजव्या कानाचा एक दोरा केसभर सैल केला, आणि मग डोक्याभोवती कापसाची जाड पट्टी बांधली. शुक्रवारी सगळं ठीक होतं.

शनिवारी बाईंचं भाषण होतं. प्लास्टिक सर्जनांच्या परिषदेत त्या अकरा वर्षं पहिल्या रांगेत बसून दुसऱ्यांची भाषणं ऐकत आल्या होत्या. यंदा त्यांना बोलवलं होतं. विषय होता 'रुग्णाशी संवाद'. दवाखाना बंद ठेवला. सिस्टरला सुट्टी दिली. बाईंनी मोबाइल आवाज बंद करून पर्समध्ये टाकला, पर्स टेबलाखाली ठेवली, आणि एरवी कपाटात पडून असणारी रेशमी साडी सावरत व्यासपीठावर चढल्या. भाषण उत्तम झालं. पडद्यावर सातवं चित्र टेलिफोनचं होतं, त्याखाली वाक्य होतं: रुग्णाचा फोन हा उपचाराचाच भाग आहे. हे वाक्य बाईंनी थांबून, सभागृहाकडे बघत दोनदा म्हटलं. त्याच वेळी टेबलाखाली पर्स थरथरत होती. नंतर त्यांनी वेळा ताडून पाहिल्या, तेव्हा त्यात दोन मिनिटांचाही फरक निघाला नाही.

टाळ्या झाल्या, प्रश्नोत्तरं झाली, जेवण झालं, सगळ्यांचा मिळून फोटो झाला. रस्त्यापलीकडचा सर्जन मुद्दाम जवळ आला आणि टेलिफोनचं चित्र मला पाठवा म्हणाला. ते पाठवायला म्हणून बाईंनी मोबाइल बाहेर काढला. पावणेचार वाजले होते. न घेतलेले नऊ फोन. आठ सलूनवाल्याचे, एक त्याच्या बायकोचा.

बाईंनी तिथूनच फोन लावला.

"काही विशेष नाही मॅडम," सलूनवाला म्हणाला. "डावा कान पहाटेपासून जरा जास्तच ठणकतोय. तुम्ही कामात असाल म्हणून मग नाद सोडला." आणि आठ वेळा त्रास दिल्याबद्दल त्यानं माफी मागितली.

बाई त्याच साडीत गाडी हाकत दवाखान्यात पोचल्या. सिस्टर घरून ओल्या केसांनी तशाच आल्या. पट्टी सोडली, तेव्हा उजवा कान शहाण्यासारखा जागेवर बसला होता आणि डावा जांभळा, ताणलेला, दुप्पट झाला होता. बाईंनी साडीवर गाऊन चढवला, टाके उघडले, साचलेलं रक्त काढलं, वाहणारी बारीकशी शीर शोधून बंद केली, सगळं धुऊन पुन्हा शिवलं. सलूनवाला या वेळी कापडाखाली काहीच बोलला नाही. ते बाईंना जास्त लागलं.

पट्टी बांधून झाल्यावर त्या त्याच्यासमोर स्टूल ओढून बसल्या. बायको दाराशी उभी होती, तिलाही आत बोलावलं.

"हे मला सकाळीच कळायला हवं होतं," बाई म्हणाल्या. "रक्त कुणाच्याही हातून साचू शकतं. पण ते इतका वेळ आत राहिलं, ते माझ्यामुळे. मी सांगितलं होतं तसं तुम्ही केलंत, आठ वेळा केलंत. मी फोन बंद करून बसले होते. माझ्या जागी दुसऱ्या डॉक्टरांचा नंबर द्यायला हवा होता, तोही दिला नाही. चूक माझी आहे. कानाची थोडी कातडी जाईल असं वाटतं. किती जाईल, ते चार-पाच दिवसांत कळेल."

सलूनवाला बराच वेळ त्यांच्या साडीच्या काठाकडे बघत होता.

"कुठे होतात मॅडम?"

"भाषण होतं."

"कशावर?"

बाईंना खोटं सुचलं नाही असं नाही. पण आता कशाला, असं वाटून त्या म्हणाल्या, "रुग्णाशी कसं बोलावं, यावर."

सलूनवाल्याच्या बायकोनं तोंडाला पदर लावला. सलूनवाला हसू लागला, आणि हसताना कानातून कळ गेली तसा हात डोक्याशी नेऊन थांबला. मग पुन्हा हसला.

घरी नवऱ्यानं सगळं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. 'चूक माझी' हे शब्द त्याच्या खात्यात दोन ट्रक समोरासमोर धडकले तरी दोघांपैकी एकही ड्रायव्हर उच्चारत नाही, असं त्यानं सांगितलं. "घडतं असं कधी कधी" म्हणून सोडून द्यायचं होतं. सासूबाईंचं मत पडलं, की सलूनवाला उशी घेऊन झोपला असणार.

पाचव्या दिवशी डाव्या कानाच्या वरच्या कडेला नखाएवढी कातडी काळी पडली. आता जखम रोज बघणं भाग होतं. सलूनवाला डोक्याला पट्टी बांधून सलून चालवत होता, तीन खुर्च्यांपैकी एका खुर्चीचा कारागीर गावी गेलेला. तेव्हा बाईच सकाळी साडेसातला त्याच्याकडे जाऊ लागल्या. तो सलूनच्या वरच्याच दोन खोल्यांत राहायचा. खिडकीशी खुर्ची, खुर्चीवर तो, टेबलावर बाईंचा मलमपट्टीचा डबा, बायको हात धुवायला पाणी घालायला उभी. सतरा दिवस एकही खाडा न करता हे चाललं. त्यानंतर जखम सुकली तशी पट्टी गेली, आणि नुसतं बघायचं असल्यामुळे बाई खालीच सलूनमध्ये थांबू लागल्या, कारण तिथला उजेड चांगला होता. तो गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसायचा, बाई मागे उभ्या राहायच्या, आणि बाकावर वर्तमानपत्र धरून बसलेली माणसं वर्तमानपत्राच्या कडेवरून हा उलटा प्रकार बघायची.

आता सलूनवाला हा गप्प बसणारा माणूस नव्हता, आणि गिऱ्हाइकाला तर अर्धा तास खुर्चीतून उठता येत नाही. गोष्ट रोज तीस-चाळीस वेळा सांगितली गेली. तिच्यात भाषण होतं, आठ फोन होते, रेशमी साडी होती, आणि शेवटी डॉक्टरीणबाई स्टुलावर बसून "चूक माझी आहे" म्हणाल्या, तिथे वस्तरा थांबायचा. कुठलाही डॉक्टर असं म्हणाला, हे ऐकायला गिऱ्हाइकं मान वर करायची, आणि सलूनवाला ती हलक्या हातानं पुन्हा खाली करायचा.

दोनेक महिन्यांत दवाखान्यात फरक पडला. आधी एक रिक्षावाला आला, मानेवरची गाठ घेऊन. मग एक शाळाशिक्षिका आल्या, चहानं भाजलेल्या लेकीला घेऊन. मग नाकं, पापण्या, सुटलेली पोटं. बाईंनी नेहमीप्रमाणे प्रत्येकाला आरसा दिला, काय खुपतंय ते विचारलं आणि आपण काय करू शकतो ते सांगायला घेतलं. पण या माणसांना त्यात गोडी नव्हती. ती थेट शेवटाला जायची. बिघडलं तर तुम्ही घरी येता का? किती दिवस येता? सकाळी साडेसातलाच येता, की आमच्या सोयीनं? सिस्टरकडे एक गृहस्थ चक्क विचारून गेले, की तो कान बिघडवला त्याच मॅडम ना या? खात्री झाल्यावर त्यांनी बायकोचं नाव नोंदवलं.

बाईंना काय वाटावं ते कळेना. सिस्टर खूश होत्या. नवरा म्हणाला, विम्याच्या इतिहासात असं घडलेलं नाही. बाई मात्र रात्रीच्या जेवणाला पोळीचा तुकडा मोडता मोडता थांबायच्या आणि मोजायला लागायच्या. तीनशेच्या वर नाकं, दीडशे पापण्या, फाटलेले ओठ, भाजलेले हात. एकाचाही बभ्रा नाही. आणि नाव झालं ते कुणामुळे, तर एका शनिवारमुळे. तरी त्यांनी त्यातून दोन गोष्टी करून टाकल्या. कागदावर आता दोन नंबर असायचे, दुसरा एका तरुण सर्जनचा, आणि त्या कुठेही बोलायला उभ्या राहिल्या तरी फोन सिस्टरच्या हातात असायचा. 'केव्हाही' हा शब्द त्यांनी लिहायचा सोडला. त्याऐवजी 'आधी हा, मग तो' असं लिहू लागल्या. ते दिसायला तितकं छान नव्हतं.

कानाचं म्हणाल, तर एक दोरा त्या गडबडीत सैल पडला होता. डावा कान वरच्या बाजूला चार-एक मिलिमीटर जास्त उघडा राहिला, आणि कडेला मुगाएवढी खाच पडली. सहा महिने झाल्यावर ती दुरुस्त करता येते, असं बाईंनी सांगून ठेवलं होतं. सहा महिन्यांनी सलूनवाला म्हणाला, हंगाम आहे. आठ महिन्यांनी म्हणाला, मुलीची परीक्षा आहे. वर्ष झालं, तशा बाई एका दुपारी दवाखान्यातून चालत स्वतःच सलूनमध्ये गेल्या.

तीनही खुर्च्या भरलेल्या होत्या. सलूनवाल्याच्या डोक्यावर टोपी नव्हती, उरलेले केसही त्यानं बारीक करून टाकले होते. बाईंनी त्याच्या मागे उभं राहून आरशात बघितलं. त्यांची नजर आपोआप डाव्या खाचेवर गेली आणि तिथून हलेना.

त्यांनी हळू आवाजात तारीख सुचवली. अर्ध्या तासाचं काम, पट्टी चार दिवस, काळजीचं कारण नाही.

सलूनवाल्यानं वस्तरा मिटला. "राहू द्या मॅडम. तुम्ही म्हणाला होतात ना, दोन्ही कान कुणी एकदम बघत नाही. मी तेवीस वर्षं तेच बघतोय. सारखे कान मला एकाही डोक्याला सापडलेले नाहीत. कल्ले मी कानावरून मोजतच नाही, डोळ्याच्या कोपऱ्यावरून मोजतो. कानावर भरवसा ठेवला, तर गिऱ्हाईक वाकडं घरी जातं."

बाई म्हणाल्या, तरी ही खाच माझ्या हातून झालेली आहे.

"म्हणून तर," तो म्हणाला. "ती गेली तर मी दाखवू काय?"

त्याच्यासमोर मधल्या खुर्चीत साबण लावून बसलेले गृहस्थ हे ऐकत होते. ते गोष्ट ऐकून होते, पण बाईंना ओळखत नव्हते. त्यांनी आरशातूनच चौकशी केली, की बिघडलेला कान तो हाच का, आणि साबण लागलेलं बोट उचलून उजवा कान दाखवला.

सलूनवाल्यानं बाईंकडे बघितलं. बाईंनी त्या उजव्या कानाकडे बघितलं. घडी मऊ होती, कड समोरून हवी तेवढीच दिसत होती, तो केसभर सैल केलेला दोरासुद्धा आपलं काम चोख करत होता. आयुष्यात याहून चांगला कान आपण केलेला नाही, हे त्यांना त्या क्षणी स्वच्छ कळलं. ते सांगावं म्हणून त्यांनी तोंडही उघडलं.

"हो, हाच," सलूनवाला म्हणाला, आणि त्यानं गृहस्थांची हनुवटी बोटानं वर केली. "हलू नका आता."

बाईंनी पर्स खांद्याला अडकवली. पुढच्या महिन्यात दाखवायला या, असं त्याला सांगितलं. तो हो म्हणाला, आणि दोघांनाही माहीत होतं, की तो येणार नाही. दवाखान्यात चार जण वाट बघत बसले होते, चौघंही त्यानंच पाठवलेले.